ताप आधी आला, गोळी नंतर

वाचकाचं पत्र:

"डॉक्टर, माझी धाकटी बहीण २७ वर्षांची आहे. तिला लागोपाठ दोनदा फिट आली, तेव्हा कार्बामाझेपिन सुरू झालं. 'एकही दिवस गोळी चुकवायची नाही,' असं बजावलं होतं. अठराव्या दिवशी तिला ताप आला, घसा दुखू लागला, डोळे चुरचुरू लागले. मी पॅरासिटामॉल दिली. दुसऱ्या दिवशी घरात उरलेल्या अमॉक्सिसिलिनच्या दोन कॅप्सूल दिल्या. विसाव्या दिवशी छातीवर लाल चट्टे उठले. आम्हाला गोवर वाटला. फिटची गोळी चालूच ठेवली. तेविसाव्या दिवशी ओठ सोलवटले, पाठीची कातडी हात लागताच सुटू लागली, तेव्हा हॉस्पिटल गाठलं. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम असं निदान झालं. बरेच दिवस ॲडमिट होती, वाचली. डिस्चार्ज कार्डावर संशयित औषधं म्हणून तिन्ही नावं लिहिली आहेत. घरातले म्हणतात, तू मनाने दिलेल्या गोळ्यांनी हे झालं. मलाही तसंच वाटतं. आता घरात कोणीच पॅरासिटामॉल घेत नाही. आईने परवा १०२ ताप अंगावर काढला. बहिणीला चार महिन्यांपासून लेव्हेटिरासिटाम ही फिटची दुसरी गोळी चालू आहे, पण ती घाबरून मधेमधे गोळी गाळते, हे फक्त मला माहीत आहे. तिच्या डोळ्यांत सतत काहीतरी खुपतं. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्यालाही हे होईल का? – एक मोठी बहीण"

ताई,

तुम्ही लिहिलेल्या तारखा बरोबर असतील, तर तुमच्या हातून दिल्या गेलेल्या गोळ्यांनी हा आजार झालेला नाही. तुमची समजूत काढायची म्हणून मी हे लिहीत नाही. तारखाच तसं सांगतात.

या आजारात अंगावर काही उमटण्याच्या एक ते तीन दिवस आधी ताप येतो, घसा दुखतो, डोळ्यांची आग होते, अंग मोडून येतं. साध्या फ्लूत आणि यात त्या घडीला फरक करता येत नाही, अनुभवी डॉक्टरलाही नाही. म्हणजे अठराव्या दिवशी बहिणीला आलेला ताप हीच आजाराची सुरुवात होती. पॅरासिटामॉल तुम्ही त्या तापासाठी दिली, अमॉक्सिसिलिन त्या दुखऱ्या घशासाठी. जे औषध आजार सुरू झाल्यावर पोटात गेलं, ते त्या आजाराचं कारण कसं असेल?

ही गल्लत फक्त घरात होते असं नाही, दवाखान्यातही होते. ताप येतो, तापाची गोळी घेतली जाते, दोन दिवसांनी अंग सोलवटतं आणि बोट सगळ्यात शेवटी घेतलेल्या गोळीकडे जातं. म्हणून या विषयातल्या युरोपीय तज्ज्ञांच्या गटाने २०१० मध्ये 'आल्डेन' नावाची गुण देण्याची पद्धत मांडली. त्यात प्रत्येक औषधाचा स्वतंत्र हिशेब होतो: पहिलं लक्षण कुठल्या दिवशी दिसलं, त्याच्या किती दिवस आधी हे औषध सुरू झालं, त्या दिवशी ते शरीरात होतं का, हेच औषध पूर्वी घेतलं तेव्हा काय झालं होतं, आणि या आजारासाठी ते कितपत कुप्रसिद्ध आहे. पहिल्या लक्षणाच्या आधी ५ ते २८ दिवसांत सुरू झालेल्या औषधाला वेळेचे सर्वाधिक गुण मिळतात. पहिल्या लक्षणानंतर सुरू झालेल्या औषधाचे गुण कापले जातात. तुमच्या बहिणीचं कार्बामाझेपिन सतरा-अठरा दिवस आधीचं आहे आणि कुप्रसिद्धीच्या यादीत ते अगदी वर आहे. तुमच्या दोन्ही गोळ्या पहिल्या लक्षणानंतरच्या आहेत.

पॅरासिटामॉल सर्वस्वी निर्दोष आहे असं मात्र म्हणता येत नाही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये इशारा दिला होता की क्वचित, फार क्वचित, तिच्यामुळेही असा गंभीर त्वचाविकार होऊ शकतो. पण तुमच्या बहिणीच्या बाबतीत क्रमच उलटा आहे. ताप आधी आला, गोळी नंतर.

आता त्या तीन दिवसांबद्दल. चट्टे उठल्यावरही कार्बामाझेपिन चालू राहिलं, याबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण ते तुमच्या मनात असणार. त्या तीन दिवसांनी काहीच फरक पडला नाही, असं मी लिहिणार नाही. कारण ठरलेलं औषध जितकं लवकर बंद होतं तितका धोका कमी, हे अभ्यासांतून दिसलं आहे. पण तुम्हाला एकच सूचना मिळाली होती, ती म्हणजे गोळी चुकवू नका, आणि ती तुम्ही पाळली. फिटच्या औषधासाठी ती सूचना योग्यच आहे. तिच्या जोडीला दुसरं वाक्य सांगायला हवं होतं: 'पहिल्या दोन महिन्यांत अंगावर पुरळ आलं, तोंड आलं, ताप आला, तर त्याच दिवशी मला दाखवा.' ते सांगणं औषध लिहून देणाऱ्याचं काम होतं. तुमच्याकडून राहून गेलेलं हे काम नाही, ताई, ते तुमच्यावर कोणी सोपवलेलंच नव्हतं.

उरलेल्या अँटिबायोटिकबद्दल मात्र बोलायलाच हवं. त्याने आजार झाला नाही, पण संशयितांच्या यादीत एक नाव विनाकारण वाढलं. अमॉक्सिसिलिन हे साधं, उपयोगी औषध आहे. ते कार्डावर तसंच राहिलं, तर पुढे न्यूमोनिया झाला किंवा दाताचा संसर्ग झाला की बहिणीला ते नाकारलं जाईल आणि त्याऐवजी जास्त कडक काहीतरी द्यावं लागेल. घरात असे उरलेले डोस असतील तर आजच काढून टाका.

आजार कसा होतो हे थोडक्यात सांगते, कारण 'डोस जास्त झाला', 'रिकाम्या पोटी घेतली', 'दोन गोळ्या एकमेकींशी लढल्या' असल्या समजुती घराघरांत फिरत असतात. कार्बामाझेपिनसारखं औषध काही माणसांच्या पेशींवरच्या एका विशिष्ट प्रथिनाला चिकटतं. प्रतिकारशक्तीतल्या टी-पेशींना ती जोडी परकी वाटते. त्यांना तयार व्हायला, संख्येने वाढायला वेळ लागतो, म्हणून प्रतिक्रिया पहिल्या गोळीला न येता बहुधा चार दिवस ते चार आठवड्यांनी येते, काही औषधांत आठ आठवड्यांपर्यंत. मग त्या टी-पेशी ग्रॅन्युलायसिन नावाचं मारक प्रथिन सोडतात आणि त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी एकगठ्ठा मरतात. तो थर खालच्या थरापासून सुटतो. तोंड, डोळे, जननेंद्रियं यांच्या आतल्या अस्तराचंही तेच होतं. शरीराच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी भाग सोलवटला तर त्याला स्टीव्हन्स-जॉन्सन म्हणतात. तीस टक्क्यांच्या वर गेला की 'टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलायसिस', आणि मधला टप्पा दोन्हींचा. स्टीव्हन्स आणि जॉन्सन या दोन अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी १९२२ मध्ये दोन मुलांचं वर्णन केलं, तेव्हा याचा औषधाशी असलेला संबंध स्पष्ट झालेला नव्हता. अधिक भयंकर रूपाचं वर्णन स्कॉटलंडच्या ॲलन लायेल यांनी १९५६ मध्ये केलं.

आजार दुर्मिळ आहे. दहा लाख लोकांमागे वर्षाला मोजके काही. पण ज्याला होतो त्याच्यासाठी तो जिवावरचा असतो: सौम्य टोकाला शंभरातले काही थोडे दगावतात, तीव्र टोकाला चारातला एक किंवा त्याहूनही जास्त. तुमची बहीण यातून बाहेर आली आहे. तुम्ही तेविसाव्या दिवशी हॉस्पिटल गाठलं म्हणून आली आहे. घरात पुन्हा तो विषय निघाला तर हेही सांगा.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी इथे थोडं थांबते, कारण अशा पत्रानंतर लोक घाबरून चांगली औषधं सोडतात.

औषध अंगावर उठणं ही गोष्ट नेहमीची आहे. त्यातली बहुसंख्य पुरळं साधी असतात. नवं औषध सुरू केल्यावर आठवडाभरात, दोन आठवड्यांत छाती-पोटावर बारीक लाल पुरळ येतं, खाज सुटते, पण माणूस एरवी ठीक असतो. औषध बदललं की एक-दोन आठवड्यांत जातं. डॉक्टरला दाखवायचं, पण रात्री धावपळ करण्याचं कारण नाही. धावपळ कधी करायची? पुरळाबरोबर ताप असेल तेव्हा. खाजेपेक्षा दुखणं जास्त असेल, अंगाला कपडा लागलेलाही सोसत नसेल तेव्हा. ओठ, तोंड, डोळे किंवा लघवीची जागा लाल होऊन सोलवटत असेल, चट्ट्यांचा मधला भाग काळपट-जांभळा दिसत असेल, फोड येत असतील, कातडी सुरकुतून सरकत असेल तेव्हा. यातलं एक जरी दिसलं तरी अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जायचं. गेल्या दोन महिन्यांत सुरू झालेली सगळी औषधं पाकिटांसकट पिशवीत घालून न्यायची, दुकानातून परस्पर आणलेलीसुद्धा. कातडी सुटते का हे चोळून बघायचं नाही, मलम थापायचं नाही, घरची स्टिरॉइडची गोळी द्यायची नाही.

आणि संशयित औषधाचा पुढचा डोस? तो डॉक्टरशी बोलल्याशिवाय घ्यायचा नाही. औषध फिटचं, हृदयाचं किंवा असंच अचानक न थांबवण्याजोगं असेल, तर हे बोलणं काही तासांत व्हायला हवं, म्हणजे एक थांबवून दुसरं लगेच देता येतं. 'उद्या सकाळी बघू' हे इथे चालत नाही.

कुठल्या औषधांबाबत जास्त जागं राहायचं, ती यादी फार लांब नाही. फिटची जुनी औषधं: कार्बामाझेपिन, फेनिटोइन, फेनोबार्बिटल. फिटचंच नंतर आलेलं लॅमोट्रिजिन. युरिक ॲसिड कमी करणारं ॲलोप्युरिनॉल. सल्फा गटातलं अँटिबायोटिक, म्हणजे कोट्रायमॉक्साझोल, आणि सांधे-आतड्यांच्या आजारात दिलं जाणारं सल्फासलाझिन. एचआयव्हीवरचं नेव्हिरापिन. वेदनाशामकांपैकी पिरॉक्सिकॅम, मेलॉक्सिकॅम या गटातली. यातल्या प्रत्येक औषधाने असंख्य लोकांचं भलं केलं आहे आणि ती लिहून दिली म्हणून डॉक्टरवर संशय घेऊ नये. पण ती पहिल्यांदा सुरू होताना पहिले आठ आठवडे डोळसपणे काढायचे.

लॅमोट्रिजिनबद्दल एक सांगायलाच हवं. हे औषध अगदी थोड्या मात्रेपासून आठवड्या-आठवड्याने वाढवायचं असतं, आणि सोबत व्हॅल्प्रोएट (फिटचंच आणखी एक औषध) चालू असेल तर त्याहूनही सावकाश, कारण व्हॅल्प्रोएटमुळे रक्तातलं लॅमोट्रिजिन जवळजवळ दुप्पट होतं. वाढवण्याची घाई केली की पुरळाचा धोका वाढतो. बरेच दिवस खंड पडला असेल तर जुन्याच डोसवर परत उडी मारायची नाही, डॉक्टरला विचारून पुन्हा तळापासून सुरुवात करायची. लोक नेमकं हेच विसरतात.

ॲलोप्युरिनॉलबद्दल माझं मत जरा ठाम आहे. गाऊट असलेल्यांसाठी ते मोलाचं औषध आहे. पण सांधा कधीच सुजला नाही, मुतखडा नाही, फक्त तपासणीत युरिक ॲसिडचा आकडा थोडा वर आला म्हणून ते सुरू झालेलं असेल, तर 'मला याची खरंच गरज आहे का' असं डॉक्टरला जरूर विचारा. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांत त्याच्या गंभीर प्रतिक्रियेचा धोका जास्त असतो, आणि त्यांच्यात सुरुवात कमी डोसने करायची असते.

याच औषधांची आणखी एक प्रतिक्रिया आहे, तिचं नाव 'ड्रेस'. तिच्यात कातडी सुटेलच असं नाही, म्हणून ती जास्त फसवते. औषध सुरू झाल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी ताप, अंगभर पुरळ, चेहरा सुजलेला, मानेत-काखेत गाठी, रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या. यकृताला सूज हा तिचा मोठा धोका आहे. विषाणूचा ताप समजून दोन-तीन दवाखाने फिरून आलेले असे रुग्ण मी पाहिले आहेत, आणि तोवर औषध चालूच असतं. दोन महिन्यांत नवं काय सुरू केलं, एवढं कोणी विचारलं असतं तर आठवडा वाचला असता. औषध बंद केल्यावरही हा आजार आठवडे-महिने रेंगाळतो, स्टिरॉइड कमी करताना उलटतो, आणि काहींत काही महिन्यांनी थायरॉइड बिघडतं. त्यामुळे बरं वाटलं म्हणून तपासण्या सोडायच्या नाहीत.

आता परत तुमच्या बहिणीकडे येते, ताई. सगळ्यात निकडीची गोष्ट ती गाळत असलेल्या गोळीची आहे.

तिची भीती मला कळते. जिच्या अंगावरची कातडी एका गोळीने उतरवली, तिने दुसरी गोळी बिनघोर गिळावी अशी अपेक्षा मी करणार नाही. पण तिला दोन गोष्टी शांतपणे सांगा. पहिली अशी की लेव्हेटिरासिटामची रासायनिक घडण कार्बामाझेपिनपेक्षा वेगळी आहे, आणि अशा प्रतिक्रियेनंतर मेंदूविकारतज्ज्ञ त्याच्याकडे वळतात ते म्हणूनच. दुसरी अधिक महत्त्वाची: ही प्रतिक्रिया यायची तर बहुतेक वेळा पहिल्या दोन महिन्यांतच येते. तिचे चार महिने झाले. भीतीचा मोठा काळ मागे पडला आहे. याउलट गोळी गाळल्याने फिट येण्याचा धोका आजचा आहे, आणि ती फिट पाण्याजवळ, गॅसजवळ किंवा रस्त्यावर आली तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. एकामागून एक न थांबणाऱ्या फिट्स हाही अचानक औषध तोडण्याचा परिणाम असतो.

तिचं गुपित तुम्ही सांभाळलंत, यात तुमचं प्रेम आहे. पण हे तिच्या मेंदूविकारतज्ज्ञांना कळायलाच हवं. तिच्या पाठीमागे सांगू नका, तिला सोबत घेऊन जा आणि तिलाच बोलू द्या. आणखी एक: ही गोळी काहींना चिडचिडं करते, उदास करते. तसं काही होत असेल आणि त्यामुळेही ती टाळत असेल, तर तेही तिथेच बोलावं. या आजारातून उठलेल्या कित्येकांना रात्री दचकून जाग येते, औषधाचं पाकीट पाहिलं तरी घाम फुटतो. हा मनाला बसलेला धक्का आहे आणि त्यावर समुपदेशनाचा, उपचारांचा उपयोग होतो. 'आता बरी झालीस ना, मग कसली भीती' हे वाक्य घरात कोणी बोलू नये.

डोळे. याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे जा, तेही शक्यतो बुबुळाच्या आजारांचं काम करणाऱ्यांकडे. त्वचा बरी झाली, डाग फिके होत चालले, म्हणजे आजार संपला असं सगळ्यांना वाटतं आणि डोळा मात्र आतल्या आत बिघडत राहतो. पापण्यांच्या आतल्या बाजूला व्रण धरतात, पापणीचे केस आत वळून बुबुळावर घासतात, अश्रू आटतात, काहींत पापणी डोळ्याला चिकटू लागते. सतत खुपणं म्हणजे यातलं काहीतरी चालू असण्याची शक्यता आहे. दृष्टी जाऊ शकते, आणि वेळेवर गेलं तर बहुतेकदा वाचवता येते: प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब, आत वळलेले केस काढणं, गरज पडल्यास पापणीच्या कडेला तोंडातल्या अस्तराचा तुकडा बसवणं, स्क्लेरल लेन्स (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी कॉन्टॅक्ट लेन्स). दुकानातून 'डोळे लाल झाल्यावरचे' थेंब परस्पर आणू नका. खूप थेंबांत असलेलं प्रिझर्व्हेटिव्हच अशा कोरड्या डोळ्याला त्रास देतं.

एक विषय संकोचाने मागे राहतो, म्हणून मीच काढते. बायकांमध्ये या आजारात योनिमार्गातही व्रण होतात आणि ते भरताना आतले भाग एकमेकांना चिकटू शकतात. तिला लघवीला, पाळीच्या वेळी किंवा संबंधाच्या वेळी त्रास होतो का, हे तुम्ही बहीण म्हणून विचारू शकता. होत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना या आजाराचं नाव सांगून दाखवा. काहीच त्रास नसला तरी एकदा तपासणी झालेली बरी.

त्वचेवरचे काळे डाग महिन्यांच्या हिशेबाने फिके होतील. उन्हापासून जपा, एवढंच. नखं वेडीवाकडी आली असतील तर काही दिवस धीर धरा.

पुढचं काम डिस्चार्ज कार्डाचं. त्यावर तीन नावं सारख्याच ओळीत असणं ठीक नाही. तुम्ही मला लिहिला तसा तारखांचा कागद करा, फिटच्या पहिल्या गोळीपासून हॉस्पिटलपर्यंतचा, आणि तिच्यावर उपचार केलेल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन जा. प्रत्येक औषधाचा वेगळा निकाल लेखी मागा. निकाल येईपर्यंत तिला पॅरासिटामॉल किंवा अमॉक्सिसिलिन तुम्ही आपणहून देऊ नका. निर्णय त्यांनी घ्यायचा आहे, मी लांबून पत्र वाचून नाही. माझा अंदाज असा की दोन्ही नावं खोडली जातील.

कार्बामाझेपिन मात्र तिला आयुष्यात पुन्हा कधीही चालणार नाही. कमी डोसने नाही, 'एकदा चाचणी म्हणून' नाही. हा आजार खरंच त्याने झाला होता का, हे तपासायला औषध परत देऊन बघणं कोणी सुचवलं तर तिथून उठून या. त्याच घडणीची फेनिटोइन, फेनोबार्बिटल, ऑक्सकार्बाझेपिन हीही तिने टाळायची, आणि लॅमोट्रिजिनबद्दलही तज्ज्ञांनी अत्यंत सावध राहायचं. हे सगळं एका छोट्या कार्डावर लिहून तिच्या पाकिटात ठेवा, फोटो फोनमध्ये ठेवा. नावं औषधाची मूळ नावं असू देत, कारण एकाच औषधाला बाजारात अनेक ब्रँडनावं असतात आणि पुढच्या वेळी पाकिटावर वेगळंच नाव असेल. 'फिटच्या गोळीची ॲलर्जी' असं मोघम लिहू नका. कार्बामाझेपिन चेहऱ्याच्या शिरेच्या तीव्र कळांसाठी आणि मानसिक आजारांतही दिलं जातं. वीस वर्षांनी एखादा भलताच डॉक्टर तिला ते भलत्याच कारणासाठी लिहून देईल आणि 'फिटची गोळी' या शब्दांवरून कोणाच्या लक्षातही येणार नाही.

आईंना सांगा, पॅरासिटामॉल बिनधास्त घ्या. त्यांना पूर्वी कधी त्रास झाला नसेल तर लेकीच्या आजारामुळे ती सोडायला काही कारण नाही. १०२ ताप अंगावर काढण्यात मात्र नुकसान आहे.

राहिला तुमचा मुलगा, आणि खरं तर तुम्हीही.

हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. पण त्याची शक्यता वाढवणारं जनुक घराण्यात असू शकतं. तैवानमधल्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं की कार्बामाझेपिनने हा आजार झालेल्या त्यांच्या हान चिनी रुग्णांमध्ये 'एचएलए-बी १५:०२' हे जनुक होतं. आग्नेय आशियात ते बऱ्याच लोकांत आढळतं, भारतीय वंशाच्या लोकांत कमी-अधिक, युरोपीय वंशाच्या लोकांत जवळजवळ नाहीच. २००७ मध्ये अमेरिकेच्या नियामक संस्थेने आशियाई वंशाच्या रुग्णांत कार्बामाझेपिन देण्याआधी ही तपासणी करायला सांगितलं. पुढे तैवानमध्येच ४८७७ जणांची औषधाआधी तपासणी झाली, जनुक असलेल्यांना दुसरं औषध दिलं गेलं, आणि उरलेल्यांपैकी एकालाही हा आजार झाला नाही. जुन्या प्रमाणानुसार साधारण दहा जणांना व्हायला हवा होता. हा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ॲलोप्युरिनॉलसाठी असंच 'एचएलए-बी ५८:०१' हे जनुक माहीत आहे.

याचा तुमच्या घरापुरता अर्थ असा. बहिणीची तपासणी झाली नसेल तर ती करता येते का, हे त्वचारोगतज्ज्ञांच्या त्याच भेटीत विचारा. तिच्यात १५:०२ सापडलं, तर तुमच्यातही ते असण्याची शक्यता सुमारे निम्मी, आणि मुलात त्याच्या निम्मी. जनुक असणं म्हणजे आजार असणं नव्हे. ते असलेल्यांपैकी बहुतेकांना कार्बामाझेपिन घेऊनही असं काही होत नाही, आणि ते औषध कधी घेतलंच नाही तर या जनुकामुळे त्यांना काही फरकही पडत नाही. उलट बाजूने, बहिणीत ते सापडलं नाही म्हणून तिला औषध पुन्हा चालेल असंही नाही.

त्यामुळे मुलाची तपासणी आज करायची घाई नाही. त्याच्या डॉक्टरांच्या नोंदीत मात्र आजच लिहून घ्या: 'मावशीला कार्बामाझेपिनने स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम'. पुढेमागे त्याला किंवा तुम्हाला त्या गटातलं औषध द्यायची वेळ आली, तर आधी तपासणी होईल किंवा वेगळं औषध निवडलं जाईल. ताप-खोकल्याची, पोटदुखीची नेहमीची औषधं आणि लसी त्याला इतर मुलांसारख्याच द्या.